जपकऱ्यांची भिंत

९ जानेवारी

चार हात! दोरी धरून मोजलं. मागच्या इस्टरला सात होते. आत्याच्या पायरीपासून दरडीच्या कडेपर्यंत आता फक्त चार हात जमीन, आणि तीही खालून पोकळ. कुंपणाचा एक खांब समुद्राकडे मान टाकून उभा आहे.

आत्याला सांगितलं. ती चुलीपाशी बटाटे सोलत होती. डोळे जाऊन सहा वर्षं झाली, पण साल अजून माझ्यापेक्षा पातळ काढते. म्हणाली, मला कळतंय ते, पूर्वी लाटेचा आवाज खिडकीतून यायचा, आता जमिनीखालून येतो.

मग मी मिंगाचं बोललो. गावाला हाक घालू, बैल जोडू, घर ओढत पाण्यात घालू आणि भरतीला आमच्या तीरावर नेऊ. माझ्या अंगणाशेजारी, देवळाच्या खालच्या अंगाला जागा आहे. अशी चार घरं मी खाडी ओलांडताना पाहिली आहेत, त्यातलं एक दोन मजली. तिनं बटाटा खाली ठेवला. मग वाऱ्याकडच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली,

"आणि हे?"

हे म्हणजे जपकरी.

"तेही येतील," मी म्हणालो.

"वचन देतोस?"

दिलं. आता लिहायला बसल्यावर वाटतंय — कशाच्या जोरावर दिलं?

१० जानेवारी

जपकऱ्यांविषयी मला जे ठाऊक आहे ते एकदा एका जागी लिहून ठेवतो. नऊ वर्षं या वह्यांत तुकड्या-तुकड्यानं पडलं आहे. माझी शाळा सहावीपर्यंत. मास्तरांनी पुस्तकातले किडे शिकवले. हा पुस्तकात नव्हता.

अंगठ्याच्या पेराएवढा. रंग पावसानं राखाडी झालेल्या लाकडाचा. भिंतीवर बसला तर बोट लागेपर्यंत कळत नाही. पंख चार. वरचे दोन मळकट. खालचे दोन फक्त उडताना दिसतात — हिरवे, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकणारे. डोकं चपटं, गोल. असं का, ते मला माहीत नाही.

आमची घरं बाहेरून लाकडी फळकुटांनी मढवलेली असतात, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखी. जपकरीण जुनं फळकूट निवडते आणि त्यात बोटभर लांब भोक पाडते. भुसा बाहेर लोटते. तो तांबडा असतो, कारण जुनं लाकूड आतून तांबडंच. भोकाच्या तोंडाशी नर बसतो आणि दिवस कलला की गुणगुणायला लागतो. लाकूड सुकं, भोक पोकळ. पाच-पन्नास जमले की सगळी भिंत गुणगुणते. भिंतीला पाठ टेकून बसलं तर छातीत ऐकू येतं.

दिवसा झोपतात. इतके गाढ, की चिमटीत धरून काढला तरी पाय हलवत नाही. धूर लागला तर मात्र जागे होतात.

ओसाड घरात राहत नाहीत. बार्रियांचं घर बंद झालं तेव्हा मी चाळीस दिवस मोजले. त्यानंतर भिंत मुकी. चूल पेटती हवी. धूर फळकुटांत मुरायला हवा. आत्या म्हणते, नव्या लाकडाला रानाचा वास येतो, माणसांचा नाही.

आणि जप. लोक म्हणतात की ते दहादा गुणगुणतात, थांबतात, पुन्हा दहादा. जपमाळेच्या मण्यांसारखे. मी मोजलं आहे. कधी नऊ, कधी तेरा, एकदा एकवीस. दहा क्वचितच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मोजणं आपलं असतं. त्यांचं नुसतं म्हणणं.

१३ जानेवारी

खारं पाणी — सगळी धास्ती त्याची. घर तासभर तरंगणार, खालची फळकुटं बुडणार. आत झोपलेल्यांचं काय?

म्हणून आज आत्याच्या भिंतीतलं खालचं एक फळकूट उपटलं. अकरा भोकं. दोरीला बांधून होडीमागून ओढत आणलं, इकडच्या तीरापर्यंत, पाऊण तास. माझी बायको एर्सिरा वाळूवर उभीच होती. ती मासे आणायला पाठवते आणि मी काय आणतो ते सबंध गाव बघतं, असं तिचं म्हणणं.

"काय गावलं हो?"

"फळकूट."

"बारीक काटे असतात त्याला. जपून खा."

चुलीजवळ ठेवलं. दुपार गेली, काही नाही. मला जेवण जाईना. देवळाची संध्याकाळची घंटा वाजवायची माझी वेळ होत आली आणि एका भोकातून पाण्याचा थेंब आला, त्यामागून दोन मिशा! मग दुसऱ्यातून. मग सगळे. आत पाहिलं तर भोकं कोरडी ठणठणीत. पाणी आलं की नर उलटा वळतो आणि ते चपटं डोकं बुचासारखं लावून बसतो! नऊ वर्षं ते डोकं बघतोय, आज कळलं कशासाठी आहे ते. खाडीकाठच्या घरांतला किडा, त्याला देवानं बूच देऊन पाठवलंय.

अकराच्या अकरा. एर्सिरानं मोजले. मला नीट दिसत नव्हतं.

१४ जानेवारी

फळकूट परत नेऊन जागच्या जागी ठोकलं. आत्या म्हणाली, काल खाली उजवीकडे एक जागा गप्प होती, गेले होते कुठं? केवढे कान!

२१ जानेवारी

मिंगासाठी दारोदार जाऊन विनवायचं असतं. निरोप धाडून चालत नाही. तीन दिवस विनवतो आहे. नाही कुणीच म्हटलं नाही. प्रत्येक घरी माते, तो कडवट पानांचा चहा, प्यावा लागला. पोटात खाडी भरली आहे.

शेवटी नोल्बेर्तो मान्सिया. लहानपणी आम्ही एकाच बाकावर, अरे-तुरे. त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता झालो तेव्हापासून एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो आणि अहो-जाहो करतो. तसाच रिवाज आहे. सबंध खाडीत त्याच्याएवढा आडवा माणूस नाही, न् त्याच्याएवढा आवाज नाही. म्हणाला, चार बैल देतो, लाँच देतो, स्वतःला देतो, आणि जपकरी माझ्या बैलांना झोपवणार नसतील तर सगळं ठीक होईल.

निघताना त्यानं विचारलं, वाऱ्याकडच्या भिंतीला फळकुटं किती असतील? म्हटलं, असतील सहाशेच्या आसपास. मान डोलावली. वजनाचा अंदाज घेत असेल.

२ फेब्रुवारी

मेणबत्त्यांचा सण. पाद्री वर्षातून दोनदा येतात, त्यात हा दिवस नाही; म्हणून प्रार्थना मीच सांगितल्या. मध्येच माझ्या तोंडून "या घराला" असं गेलं, "या गावाला"च्या जागी. कुणी हसलं नाही. सगळ्यांना माहीत आहे माझं मन कुठं आहे ते.

७ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहायचं आहे. हात दोरांनी सोलले आहेत, तरी.

पहाटेपासून माणसं. अकरा बैलजोड्या. खिडक्या काढल्या, घराखाली दोन ओंडके सारले, बाजूंनी पिंपं बांधली. सगळं तयार झालं आणि आत्या बाहेर येईना! सगळ्यांनी समजावलं. एर्सिरानं, तिच्या बहिणीनं, मी. नोल्बेर्तो दारातून आत्याला अदबीनं म्हणाला, दोन्या देल्फिना, आम्ही घर न्यायला आलोय, राणीची पालखी न्यायला नाही. आतून उत्तर आलं, "मग आजपासून शिक." शेवटी तिला माळ्यावर बसवली. चुलीतले निखारे लोखंडी भांड्यात घालून तिनं सोबत घेतले, कारण विस्तव विझता कामा नये. सोबतीला मी.

बैलांनी पहिला जोर लावला तेव्हा घर असं कण्हलं की मी जपमाळ चाचपली. मग हललं! उतारावरून निघालं, खाली माणसांचा गलका, कुणी अकॉर्डियन वाजवतंय, कुत्री भुंकताहेत, आणि माळ्यावर आत्या दोन्ही हातांनी तुळई धरून हसते आहे, चौदा वर्षांच्या मुलीसारखी. पाण्यात शिरलो तेव्हा खालच्या खोलीत गुडघाभर पाणी आलं. आत्याचा एक जोडा तरंगत दाराबाहेर गेला. मी सांगितलं, तर म्हणाली, जाऊ दे, तो नेहमी पुढंच पळायचा.

तीन लाँच ओढत होत्या. छपरातून निखाऱ्यांचा धूर वर चाललेला. काठावरच्या लोकांना तो दिसला असेल — घर समुद्रातून चाललंय आणि त्यात चूल पेटलेली आहे.

खाडीच्या मधोमध दिवस कलला. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

आधी एक. मग वरच्या बाजूला दोन. मग पाण्याच्या वरची सगळी भिंत! ओल्या लाकडाचा आवाज जरा जाड, पण तेच. खाली पाणी, बाजूला पाणी, आणि घर गुणगुणतंय. पुढच्या लाँचवर नोल्बेर्तोनं यंत्र मंद केलं. मग बाकीच्यांनीही. मंद यंत्राच्या फटफटीवरून आवाज तिथवर गेला. कुणी ओरडलं नाही. टोप्या काढलेल्या दिसल्या.

आत्या म्हणाली, "बघ, आले."

मी मोजलं नाही. आज मोजणं बरोबर नव्हतं.

८ फेब्रुवारी

मिंगाचे दोर आणि पिंपं यजमानानं स्वतः परत करायची असतात. म्हणून सकाळीच होडी भरून त्या तीरावर गेलो. दुपारी परतलो तोवर कुरांतो उघडायच्या बेतात होते. खड्ड्यात दगड तापवून त्यावर शिंपले, डुकराचं मांस, बटाटे रचलेले, वरून रुंद पानं, त्यावर मातीची ढेकळं. पानं उचलली तशी अख्ख्या गावाला भूक लागली. मी तीन ताटं खाल्ली. असा कुरांतो मी जन्मात खाल्ला नव्हता, आणि तसं सगळ्यांसमोर बोललोही. काय दगड तापलेत, काय धुरकट गोडी आहे!

नोल्बेर्तो खूश. माझा दंड धरून मला घरामागं नेलं. आधी म्हणे डोळे मिटा. मिटले. मग म्हणाला, उघडा.

वाऱ्याकडची भिंत पिवळी होती.

"घराला नवा सदरा," तो म्हणाला. "नव्या जागी जुन्या कपड्यांत आलेलं बरं दिसत नाही. सहाशे बारा, कोंपाद्रे. गेल्या जूनपासून सबंध हिवाळाभर माझ्या घरासाठी एकेक फोडलं होतं. इथं लावणार ते बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं."

नवं फळकूट न् फळकूट एका मापाचं, कडा तासलेल्या. सकाळपासून सहा जणांनी ठोकलं. त्यानं हात पुढं केले. तळव्यांवर हिवाळाभराचे घट्टे.

"आणि जुनी?" मी विचारलं.

"अहो, काय लाकूड! शंभर वर्षं सुकलेलं. ठिणगी दाखवायचा अवकाश. त्याशिवाय का दगड असे लाल होतात?"

मी त्याला मिठी मारली. दुसरं काय करणार होतो?

एर्सिराला सगळं कळलं तेव्हा अर्धी भिंत खड्ड्यात गेली होती. ती बटाटे किसत होती, पाठमोरी. आत्या देवळाच्या पडवीत बायकांबरोबर होती. ठोकाठोक ऐकून म्हणाली म्हणे, लोक किती करतात आपल्यासाठी.

दिवस कलल्यावर ती भिंतीपाशी येऊन बसली. काही नाही.

"थकले असतील," म्हणाली. "केवढा समुद्र ओलांडला."

मी हो म्हणालो.

९ फेब्रुवारी

गप्प.

१२ फेब्रुवारी

गप्प. नोल्बेर्तोला काही बोलायचं नाही, असं एर्सिराशी ठरलं. माणसानं हिवाळा दिला आहे. त्याला आपण काय म्हणून परत करायचा? वचनाचं त्याला ठाऊक नव्हतं. आणि इथं सगळेच समजतात की जपकरी चुलीमागं येतात, भिंत कुठलीही असो. दिवसा भोकात झोपलेला कुणाला दिसतो?

ते दिवसा झोपतात. हेच पुन्हा पुन्हा मनात येतं.

१७ फेब्रुवारी

आत्या भिंतीवर हात ठेवायची थांबली. खुर्ची चुलीकडे वळवून घेतली आहे. जेवते, पण चिमणीएवढं. मी म्हटलं, आता घंटा इतकी जवळून ऐकू येते तुला, बरं वाटत असेल. ती म्हणाली,

"घंटेनं वेळ कळते, रोसेंदो. संध्याकाळ होत नाही."

देवळात बसून आलो. काही मागितलं नाही, नुसता बसलो.

१९ फेब्रुवारी

एक कल्पना सुचली आहे. लिहायलाही लाज वाटते.

२० फेब्रुवारी

फणीला कागद लावून गुणगुणून पाहिलं. एर्सिरा म्हणाली, सर्दी झालेला डास. बैलाच्या शिंगातून पाहिलं. म्हणाली, आता सर्दी बैलाला झाली. मग नाल्काच्या रुंद रानपानाचा जाड देठ कापला, आतून पोखरला, एक टोक फळीला टेकवलं, दुसरं ओठांना. फळी थरथरली! एर्सिरा हसायची थांबली.

२१ फेब्रुवारी

आत्याचं घर नव्या जागी खांबांवर कंबरभर उंच ठेवलं आहे, खाली कोंबड्या. घंटा वाजवली, मागच्या वाटेनं धावत आलो, वाकून आत शिरलो. कोंबड्यांनी जागा दिली, नाखुशीनंच. देठ जमिनीच्या फळीला लावला, जिथं ती भिंत सुरू होते तिथं. पण गुणगुणायचं काय? नुसतं हूं-हूं जमेना. म्हणून "नमो मरिया" म्हटलं, तोंड मिटून. एका श्वासात एक. दहा झाले की थांबायचं.

वर खुर्ची कुरकुरली. विणकामाच्या सुया थांबल्या. मी घामाघूम. ज्या बाईला अकरा किड्यांची गैरहजेरी कळते, तिच्यापुढं मी!

मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. भिंतीकडे.

एर्सिरा वर होती. सांगत होती, आत्या हसली. आणि दोन मिल्काओ खाल्ले, बटाट्याच्या किसाच्या जाड पोळ्या, तूप पाझरणाऱ्या.

२५ फेब्रुवारी

रोज जातो. फिस्काल माणूस, गावाला प्रार्थना सांगणारा, आणि रोज घंटा झाली की अंधळ्या म्हातारीला फसवतो. पाद्री येतील तेव्हा कबूल करीन. पण कबूल काय करणार — की मी रोज पन्नास "नमो मरिया" म्हणतो? खरं सांगायचं तर इतक्या लक्षपूर्वक मी त्या देवळातसुद्धा कधी म्हटल्या नव्हत्या. फळीला ओठ लावून म्हटलेली प्रार्थना परत अंगात येते.

१ मार्च

आत्या गाते आहे! चुलीपाशी, जुनं काहीतरी, होडीवाल्यांचं. शालीखाली लपवून ठेवलेलं निघाल्यासारखं. मी खाली होतो. मी थांबलो, तर ती थांबली. मी सुरू केलं, तर तिनंही केलं. अर्धा तास असं चाललं.

५ मार्च

धुळीनं खोकला धरला आहे. काल मधेच ढास लागली, दाबून धरली. जेवताना आत्यानं मध घातलेला काढा पुढं केला. म्हणे, समुद्रावरची हवा तुला बाधली. मी म्हटलं, असेल.

८ मार्च

कोंबड्यांना थंडी लागते म्हणून आत्यानं घराखाली मेंढीचं कातडं टाकायला लावलं. आयुष्यात कोंबड्यांची इतकी काळजी कधी केली नव्हती तिनं. मला मात्र बरं झालं. गुडघे सुटले.

१४ मार्च

नोल्बेर्तो भिंत गळते का ते बघायला आला आणि घराखालून त्याला माझे बूट दिसले.

"कोंपाद्रे," तो खाली वाकून म्हणाला, "प्यायला आहात की अंडं घालताय?"

खुणेनं गप्प केलं. जप पुरा झाल्यावर बाहेर आलो आणि त्याला देवळाच्या मागं नेऊन सगळं सांगितलं. टाळणं आता खोटं झालं असतं. भिंत, झोपलेले, कुरांतो, वचन.

तो तिथंच मातीत बसला. एवढा मोठा माणूस, लहान दिसायला लागला. शेवटी एवढंच म्हणाला, "सहाशे बारा."

मी म्हटलं, असा सदरा मला कुणी दिला नव्हता. खरंच म्हटलं.

१५ मार्च

देठ तोंडात धरायला गेलो तर शेजारी काहीतरी मोठं सरपटत आलं. नोल्बेर्तो! स्वतःचा देठ घेऊन. कोंबड्या बाहेर गेल्या; जागाच उरली नाही. त्याचा आवाज खर्जातला. फळीबरोबर वरची भांडीही वाजली.

जेवताना आत्या म्हणाली, आज त्यांच्यात एक आडदांड आला होता.

एर्सिराला ठसका लागला.

१९ मार्च

संत योसेफाचा दिवस. सुतारांचा संत, म्हणून नोल्बेर्तोनं भिंतीला मेणबत्ती लावली. आता आम्हाला सवय झाली आहे. तो दोनाच्या पुढं मोजत नाही, मी दहाच्या पुढं जात नाही. मधेच हसू येतं आणि देठातून ते फुर्र करून वर जातं. दोन पन्नाशीची माणसं. मला वाटतं, देवाला आम्ही या तऱ्हेनं जास्त बरे दिसत असू.

२३ मार्च

कोपऱ्याच्या खांबाजवळ, नव्या भिंतीखाली, बारीक भुसा पडलेला दिसला. चिमूटभर. पिवळा आहे; आपल्यांचा तांबडा असतो. कसला तरी दुसरा किडा लागला म्हणायचा. नोल्बेर्तोला सांगितलेलं नाही, मनाला लावून घेईल.

३१ मार्च

त्या तीरावर उर्सुला बार्रिया वारली. त्र्याण्णव वर्षं, झोपेत, शांतपणे. प्रार्थनेला मला बोलावलं आहे, नोल्बेर्तोच्या लाँचनं दोघं जातो आहोत. एक दिवसाचं काम. तरी एर्सिराला म्हटलं, आजची संध्याकाळ तू सांभाळशील का? म्हणाली, कोंबड्यांत मी बसणार नाही, लग्नात असं काही ठरलं नव्हतं. एक दिवस म्हातारी काढेल.

१ एप्रिल

वारा. लाँच सुटत नाही. दुसरी संध्याकाळ. आत्याच्या जुन्या घराची जागा पाहून आलो. पायरी गेली समुद्रात. दरडीवर चिल्कोची झुडपं तेवढी आहेत, लाल फुलांनी लगडलेली, आणि आसपास कुणी नाही. इथल्या वाऱ्यात उभं राहून म्हटलं, तिला तिथं दोन दिवस मुकं बसवलं मी. परत गेल्यावर खरं सांगून टाकायचं. वचन मोडलं, ते तिच्या हातात द्यायचं.

२ एप्रिल

दुपारी पोचलो. तसाच आत्याकडे गेलो. खुर्ची भिंतीला लागून, पाठ टेकलेली. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली,

"काल फार छान जमलं तुला, रोसेंदो. एकदासुद्धा खोकला नाहीस."

काल आम्ही दोघंही त्या तीरावर होतो. कोपऱ्यातला तो भुसा आठवला: नवं लाकूड आतून पिवळंच असतं.